साडेपाचची पावले

मजपाशी ज्या थोड्याबहुत ध्वनिमुद्रिका आहेत, त्या मी मोठ्या शिस्तीने लावून ठेविल्या आहेत. वरच्या खणात ख्याल आणि ठुमरी, त्याखाली नाट्यसंगीत, मग भावगीते, मग लोकगीते आणि अगदी तळाशी पाश्चात्त्य संगीत. परंतु दोन तबकड्या अशा आहेत की, त्या कोणत्याही खणात ठेविल्या तरी शेजाऱ्यांशी त्यांचे म्हणून पटत नाही. पहिली ‘कॉल ऑफ द व्हॅली’, सन १९६७ ची. दुसरी ‘वंडरवॉल म्यूझिक’, सन १९६८ ची. दोहोंतही शब्द जवळजवळ नाहीत. जे काही सांगावयाचे ते वाद्ये सांगतात. पहिलीत काश्मीरचे लोकवाद्य आणि विलायती गिटार अभिजात रागांच्या पंक्तीला बसली आहेत. दुसरीत सनई, सरोद आणि पखावज यांच्या शेजारी इंग्रजी रॉक संगीतातील विजेची गिटार आहे. पहिली मुंबईत जन्माला आली. दुसरीचाही बराच मोठा भाग मुंबईतच ध्वनिमुद्रित झाला, आणि दोहोंच्या जन्मांत अंतर काय ते थोडक्या महिन्यांचे.

आमच्या घरात अशा संगीताला एक ठरलेला शब्द होता. तो म्हणजे ‘भेसळ’. हा शब्द माझ्या मामांचा. त्या काळी दुधात पाणी, तिखटात विटेची भुकटी आणि गोडेतेलात आणखी काय काय निघत असे. त्यामुळे या शब्दाला गृहस्थाश्रमी माणसाच्या तोंडी जी धार असे, ती सगळी मामा संगीताच्या बाबतीत वापरीत. मामांचा हा शब्द खरा की खोटा, याचा विचार मी निदान चाळीस वर्षे करीत आहे. आणि तो विचार करण्याचे कारण केवळ संगीत हे नव्हे, मामाही आहेत.

प्रथम पहिल्या तबकडीविषयी. तिची कल्पना जी. एन. जोशी यांची. जुन्या पिढीला हे नाव सांगावयास नको. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ज्यांच्या कंठातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली, तेच हे जोशी. कविता आणि राग यांचा संसार भावगीतात ज्यांनी थाटून दिला, त्या मंडळींत ते अग्रभागी होते. पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी होऊन त्यांनी कित्येक थोर गायकवादकांचे स्वर तबकड्यांत साठविले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी त्या आठवणी सांगितल्या आहेत. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, केवळ वाद्यांनी सांगावा, हे त्यांना सुचले. रानातल्या शिळेपासून निघालेला माणूस मेंढपाळाच्या बासरीपाशी पोहोचला, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

या कामासाठी त्यांनी जे तीन वादक निवडले, ते तिघेही तिशीच्या उंबरठ्यावर होते. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची. संतूर हे काश्मिरातील सूफियाना संगीताच्या मंडळींत वाजणारे वाद्य. त्यावर राग वाजविता येईल हे तेव्हा पुष्कळांना मान्य नव्हते. गिटार तर हवाई बेटांच्या वळणाने आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवावयाची. काबरा यांनी अली अकबर खाँ यांच्यापाशी विद्या घेतली आणि ती या परक्या लाकडात उतरविली. बासरी तेवढी आपली. पण तीही मूळची गुराख्याचीच. राग-मैफलीत तिला मानाचे पान पन्नालाल घोषांनी मिळवून दिले, त्यालाही तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. म्हणजे पाहू गेल्यास दरबारी कुळातले वाद्य या तिघांत एकही नाही!

आता या तिघांचे पटले कसे, हे ऐकताना माझ्या हळूहळू ध्यानात आले. संतुराची तार काठीने छेडली की स्वर चमकून उठतो आणि लगेच विरू लागतो. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते त्याला जवळजवळ अशक्य. त्याच्यावर टीकाकारांचा आक्षेप होता तो हाच. गिटारीचे सगळे सामर्थ्य नेमके त्या मींडेत आहे. पण तिला संतुरासारखा स्वरांचा सडा शिंपता येत नाही. बासरी स्वर धरून ठेवू शकते, परंतु श्वास सरला की तिला थांबावेच लागते. तेव्हा जेथे एकाची त्रुटी, तेथे दुसऱ्याची श्रीमंती. संतूर विरते तेथे बासरी स्वर उचलते, बासरी श्वास घेते तेथे गिटार पुढे सरकते. कोणी कोणाची नक्कल करीत नाही. गिटार संतूर होण्याचा यत्न करीत नाही, आणि तिच्या तारा पोलादाच्या आहेत हे ती लपवीतही नाही.

या तबकडीला वेळेचा एक सांगाडा आहे आणि तो सर्वस्वी आपला आहे. पहाटेचा अहीरभैरव, मग नटभैरव, पुढे पिलू, सांजावताना भूप, रात्री देस आणि अखेरीस पहाडी. रागांचे प्रहर आपल्या संगीतशास्त्राने ठरवून दिलेलेच होते. जोशींनी त्या प्रहरांची एक माळ गुंफली आणि सुमारे चाळीस मिनिटांत आठ प्रहर बसविले. त्यातही अहीरभैरवाच्या नावात गवळी आहे, आणि पहाडीच्या नावात डोंगर. भूप हा भातखंड्यांच्या वर्गीकरणात कल्याण थाटाचा. आम्ही मूळचे कल्याणच्या पारनाक्याचे, त्यामुळे हा राग आपल्या घरचा आहे असे लहानपणी मला प्रामाणिकपणे वाटत असे.

काश्मीर आणि महाराष्ट्र यांची सांगीतिक गाठ मात्र जोशींच्याही फार आधीची आहे. ‘संगीतरत्नाकर’ हा थोर ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव याचे आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आले होते. मार्गी संगीत आणि देशी संगीत, म्हणजे शास्त्राने बांधलेले आणि लोकांच्या रुचीने प्रांतोप्रांती वाढलेले, या दोहोंचा विचार त्या ग्रंथात आहे. म्हणजे लोकांचे संगीत कोणते आणि शास्त्राचे कोणते, हा वाद आमच्या मामांनी सुरू केलेला नव्हता. तंजावरास सरफोजीराजांच्या पदरी विलायती वाद्यांचा वाद्यवृंद होता. १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्यात कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीचे वळण आणि कर्नाटकी चाली शेजारीशेजारी नांदत होत्या. आणि आज आपण त्याला परंपरा म्हणतो. हार्मोनियमची पेटी तर युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले आणि १९७१ पर्यंत आत घेतले नाही. तेवढ्या काळात ती आमच्या प्रत्येक देवळात, प्रत्येक कीर्तनात आणि प्रत्येक दिवाणखान्यात जाऊन बसली होती.

हे सगळे मी मामांना सांगत असे. मामा ऐकून घेत आणि म्हणत, “अरे, जुनी भेसळ पचली म्हणून नवी पचेलच असे कोणी सांगितले?” यावर मजपाशी उत्तर नसे.

मामांचा तबला मी क्वचितच ऐकला. आई सांगे की, लग्नापूर्वी कल्याणला असताना मामा पहाटे चारला उठून दोन तास रियाज करीत. गुरुजींनी त्यांना कल्याण गायन समाजाच्या बैठकीत साथीला बसविण्याचे बोलूनही दाखविले होते. १९५९ साली मामांना फोर्टात एका पेढीवर कारकुनी मिळाली, लग्न झाले आणि डोंबिवलीस स्टेशनाजवळच्या चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड झाले. पहाटे गाडी गाठावयाची म्हणून रियाज नाही. रात्री शेजारपाजारच्या मुलांना झोपावयाचे म्हणून रियाज नाही. मधला सगळा दिवस फोर्टात. वर्षभर त्यांनी रविवारी हात चालविला. पुढे रविवारही पाणी, रेशन आणि पाहुणे यांत जाऊ लागले, आणि तबला-डग्गा जुन्या धोतराच्या गुंडाळीत माळ्यावर गेला. मामांनी याची तक्रार केली असे मला स्मरत नाही. तथापि ज्या माणसाने स्वतः एक गोष्ट निर्मळ ठेवावी म्हणून ती अजिबात सोडून दिली, त्याला दुसऱ्यांनी ती कशाततरी मिसळलेली कशी सोसावी? ‘भेसळ’ या शब्दाला मामांच्या तोंडी जी धार होती, ती मला वाटते येथून आलेली होती.

आमच्या वडिलांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घरी आणली तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. दिवाळीचे दिवस होते आणि मामा कल्याणला आमच्याकडे आलेले होते. वेष्टणावर ‘गिटार’ हा शब्द वाचून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. तबकडी सुरू झाली. वर्तमानपत्र उघडेच राहिले, पण पान काही उलटेना. तबला सुरू झाला तशी त्यांची बोटे गुडघ्यावर मात्रा मोजू लागली. दोन्ही बाजू संपल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, “गिटारवाला गातो आहे रे! वाजवीत नाही, गातो आहे.” आणि मग, जणू काही फार बोलून गेलो असे वाटून, “तबला माफक आहे. माफक असणे सोपे नसते,” अशी पुस्ती जोडली. भेसळ हा शब्द त्या दिवशी निघाला नाही. मात्र तो कायमचा मागे घेतला गेला असेही नव्हे.

आता दुसरी तबकडी. बीटल्स या इंग्रजी रॉक-मंडळीतील जॉर्ज हॅरिसन हा रविशंकरांपाशी सतार शिकत होता, हे सर्वश्रुत आहे. १९६७ च्या अखेरीस ‘वंडरवॉल’ नावाच्या एका चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्याच्याकडे आले. त्याने ते दोन शहरांत केले. लंडनमध्ये रॉकचे वादक घेतले. त्यांत एरिक क्लॅप्टनची गिटारही आहे. आणि १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईस आला व फोर्टात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर एच. एम. व्ही. चा जो स्टुडिओ होता, तेथे त्याने काही दिवस आपल्याकडील वादकांचे ध्वनिमुद्रण केले. आशिष खाँ यांचे सरोद, शरदकुमार आणि हनुमान जाधव यांच्या सनया, विनायक व्होरा यांची तारशहनाई, महापुरुष मिश्र यांचा तबला आणि पखावज. आणि संतुरावर पुन्हा तेच शिवकुमार शर्मा. त्याच दिवसांत बीटल्सच्या ‘दि इनर लाइट’ या गीताची वाद्यसंगतही तेथेच मुद्रित झाली. तीत बासरी हरिप्रसादांची आहे. म्हणजे मेंढपाळाचा दिवस रंगविणारे दोघेजण थोड्याच महिन्यांत या दुसऱ्याही खटाटोपात होते.

येथे वेळेचा हिशेब मात्र निराळा होता. हॅरिसनने लंडनमध्ये चित्रपट पुन्हापुन्हा पाहून, हातात थांबते घड्याळ धरून, कोणत्या प्रसंगाला किती सेकंदांचे संगीत लागेल हे टिपून ठेविले होते. एक एक राग तासतास मांडण्याची सवय असलेल्या वादकांना त्याने दीड-दोन मिनिटांचे तुकडे मागितले. तबला आणि पखावज यांच्या नावाने जो तुकडा या तबकडीत आहे, तो जेमतेम एक मिनिटाचा. दोन पट्ट्यांवर ध्वनी टिपणारे यंत्र मुंबईत नव्हते. ते कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. प्रहरांच्या संगीताला असे घड्याळ लागले.

परंतु त्या स्टुडिओत हॅरिसनच्या घड्याळाहून मोठे एक घड्याळ होते. त्यानेच पुढे सांगितले आहे की, स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज अडविण्याची काही सोय नव्हती. कान देऊन ऐकले तर त्या तबकडीत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतील, असेही तो म्हणे. आणि रोज सायंकाळी साडेपाचाला कचेऱ्या सुटल्या की, जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा एवढा गजर होई की, ध्वनिमुद्रण थांबवावेच लागे. साऱ्या जगाने ज्याच्या मागे धावावे असा तो मनुष्य, त्याच्याभोवती एवढे मोठे कलावंत, कलकत्त्याहून आलेले ते यंत्र. आणि ही सर्व मंडळी हात आवरून बसली आहेत, कारण कारकून घरी निघाले आहेत!

ती पावले कोठे निघाली होती, हे मुंबईकडच्या वाचकास सांगावयास नको. सगळ्यांची नसली तरी पुष्कळांची वाट बोरीबंदरकडे जात होती. तेथून चौतीस किलोमीटरवर ठाणे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली उतारूंची आगगाडी धावली ती याच मार्गाने, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. शंभर-सव्वाशे वर्षांत या लोहमार्गाने ठाणे, डोंबिवली, कल्याण या गावांचे रूपच पालटले. माणसांच्या दिवसाचे प्रहरही त्यानेच पालटले. पहाट म्हणजे अमुक गाडी, सांज म्हणजे तमुक गाडी. अहीरभैरवाची वेळ आमच्या मामांच्या बाबतीत डबा भरून घेण्याची वेळ होती.

आणि तरीही त्या गाड्यांत संगीत नव्हते असे नाही. लोकलमधील भजनी मंडळे आमच्या बाजूच्या कोणीही ऐकली असतील. दोन जोड टाळ, एक ढोलकी, ती नसेल तर डब्याची फळी. आणि अभंगाला चाल कशाची? कधी नाट्यपदाची, कधी लावणीची, कधी गेल्या महिन्यात गाजलेल्या चित्रपटाची. मामा या मंडळापासून नेहमी चार हात दूर, दाराशी उभे राहावयाचे. १९७६ साली मी महाविद्यालयात होतो आणि एके सायंकाळी त्यांच्याबरोबर त्याच डब्यात होतो. मंडळाचा ढोलकीवाला गावी गेलेला असल्याने नुसत्या टाळांवर भजन चालले होते, आणि ठेका सारखा पुढे धावत होता. ठाण्यापर्यंत मामांनी सोसले. ठाणे सुटल्यावर ते न बोलता आत शिरले, एका ओळखीच्या गृहस्थाला त्यांनी जरा सरकावयास सांगितले आणि बाकाच्या लाकडी पाठीवर त्यांनी धुमाळी धरली.

त्या काळी जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा तो बोगदा. आत शिरताच टाळांचा आवाज दुपटीने अंगावर आला, चाकांचा ठेका भिंतींवरून परतू लागला, आणि अभंगाची ती सिनेमातली चाल त्या गदारोळात बुडते की काय असे वाटू लागले. मामांनी एकदम लय निम्म्यावर आणली. मंडळ क्षणभर गोंधळले आणि मग सावरले. बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसू लागला तेव्हा त्यांनी पुन्हा दुप्पट धरली आणि एक तिहाई घेऊन असे समेवर आणून सोडिले की, डब्यातील पत्ते खेळणारे गृहस्थदेखील मान वर करून पाहू लागले. डोंबिवलीस आम्ही उतरलो. जिना चढताना मामा म्हणाले, “मामीला सांगू नकोस.” का सांगू नये, हे मी विचारले नाही. माळ्यावरचा तबला त्यानंतरही खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत ते पुन्हा दाराशीच उभे होते, असे मला पुढे कळले.

‘वंडरवॉल म्यूझिक’ मी त्यांना ऐकविली ती फार उशिरा, २०१४ साली. मामा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले, डोंबिवलीतच मुलाच्या सदनिकेत राहात होते. मी ठाण्याहून अधूनमधून जात असे. एक मिनिटाचा तो तबला-पखावजाचा तुकडा ऐकून ते म्हणाले, “हे काय झाले? एवढ्या वेळात आमची गाडी सायडिंगातूनही निघत नाही.” सनया त्यांना आवडल्या. लंडनकडचे तुकडे सुरू झाले की मान हलवून ते खिडकीबाहेर पाहू लागत. “भेसळसुद्धा धड केलेली नाही,” हा त्यांचा अभिप्राय. “दूध एका भांड्यात, पाणी दुसऱ्या भांड्यात.”

मग मी त्यांना साडेपाचची गोष्ट सांगितली. कोणता महिना, कोणते साल, रस्ता कोणता, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. त्यांची पेढी त्या इमारतीत नव्हती. त्याच रस्त्यावर, काही इमारती पलीकडे होती. तेव्हा त्या जिन्यावरची पावले त्यांची नव्हेत, हे त्यांनीच मला प्रथम स्पष्ट केले. हिशेबाच्या बाबतीत ते अखेरपर्यंत कारकून होते. परंतु थोड्या वेळाने ते हसू लागले. त्यांना इतके हसताना मी पाहिलेले नव्हते. “आमच्या पायांसाठी कोणी थांबले, हे आजच ऐकतो आहे,” ते म्हणाले. “अरे, गाडीदेखील कधी थांबली नाही.” आणि पुन्हा एकदा ती तबकडी लावावयास त्यांनी सांगितले. या खेपेस ते वाद्ये ऐकत नव्हते. वाद्यांच्या मागे काही ऐकू येते का, ते पाहात होते. पुढे पाच वर्षांनी मामा गेले.

मामांचा अभिप्राय मी पुष्कळदा मनात घोळविला आहे, आणि तो बव्हंशी खरा आहे असे मला वाटते. ‘वंडरवॉल’मध्ये मुंबईचे तुकडे आणि लंडनचे तुकडे स्टेशनांसारखे एकामागून एक येतात. सनईचे स्टेशन गेले की पियानोचे. सरोदाचे गेले की अमेरिकेतील गुराख्यांच्या बाजाचे. प्रवास गमतीचा आहे, परंतु उतारू क्वचितच एका डब्यात बसले आहेत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त तसे नाही. तेथे तिघांनी प्रथम एक भाषा, म्हणजे रागाची भाषा, वर्षानुवर्षे कष्टाने शिकून घेतली, आणि मग आपापल्या आवाजात ती ते बोलले. गिटार परकी राहिली नाही. मात्र गिटारच राहिली. भेसळीत एक पदार्थ दुसऱ्याचे सोंग घेतो आणि भाव मात्र दुसऱ्याचा लावतो. येथे कोणी सोंग घेतलेले नाही. तेव्हा मामांचा तो शब्द पहिल्या तबकडीस लागत नाही. आणि दुसरीस, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, तो लागण्याइतके मिश्रण तीत झालेलेच नाही.

पण मामांना एक गोष्ट मी सांगावयास हवी होती, आणि ती मला सुचली ते गेल्यानंतर. बोगद्यातल्या त्या पाच मिनिटांत त्यांनी जे केले, ते काय होते? वारकऱ्यांचा अभंग, सिनेमातील चाल, गुरुजींकडची तिहाई आणि आगगाडीचा ठेका! यांतील कोणते शुद्ध ठेवण्यासाठी कोणते वगळावयास हवे होते? लय निम्म्यावर आणण्याचा निर्णय त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतला नव्हता. समोरच्या गायकांना काय जमत नाही आणि बोगदा काय बुडवीत आहे, हे त्यांच्या कानाने ओळखले आणि हाताने तेवढी उणीव भरून काढिली. संतूर विरते तेथे बासरीने करावे, नेमके तेच. ती विद्या पहाटे चारच्या रियाजातून आली होती. तिचा उपयोग मात्र सायंकाळच्या गाडीत झाला. माळ्यावरचा तबला वाया गेला, असे मामा जन्मभर समजत होते. मला तसे वाटत नाही.

आज ठाण्या-डोंबिवलीतील तरुण मुले संबळ, सतार, विजेची गिटार आणि संगणक एकत्र करून वाजवितात. वडीलधारी माणसे भुवया उंचावतात. शब्द बदलला असेल, धार तीच आहे. त्या मुलांनी कोणाची परवानगी घ्यावी असे मी म्हणत नाही. शेजारच्या वाद्याला काय येत नाही हे आधी ऐकून घ्यावे, एवढेच मी म्हणतो. आपल्याला काय येते ते दाखविण्यास पुढे पुष्कळ वेळ असतो. आणि वडीलधाऱ्यांनीही एकदा त्यांच्या समोर बसून, निदान वर्तमानपत्र उघडे धरून, दोन्ही बाजू पुऱ्या ऐकाव्यात.

ज्या वाचकांना या दोन तबकड्या ऐकावयाच्या असतील, त्यांना एक सुचवावेसे वाटते. पहिली शक्य तर पहाटे लावावी. अहीरभैरवाला त्याची वेळ मिळेल. दुसरी सायंकाळी साडेपाचला लावावी, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मी ती पुष्कळदा अशी ऐकली आहे. टॅक्सी तबकडीतली की आमच्या रस्त्यावरची, हे मला अजून निश्चित सांगता येत नाही.